शोकांतिकेतला फुटका पाईप

नियती हा शब्द ऐकला की आजही माझ्या अंगाची लाही लाही होते. वसमतच्या कॉलेजात आमचे नाटकाचे सर तो शब्द पेढ्यासारखा तोंडात घोळवायचे. राजा पडला तर शोकांतिका होते, मजूर पडला तर नुसता अपघात. आणि अपघाताला उंची द्यायची असेल तर त्यात नियती घालावी लागते, असं ते शिकवायचे. आम्ही निमूटपणे वह्यांत उतरवून घ्यायचो. मीसुद्धा.

माझे वडील जवळा बाजारजवळच्या एका शेतात, हळद शिजवायच्या कुकरवर काम करताना भाजून मेले. वाफेचा पाईप चिरलेला होता. कुकरचे मालक तो भाड्याने शेतोशेत फिरवायचे आणि ऐन हंगामात एक दिवस थांबायला तयार नव्हते. हे सगळं मी भोळेपणाने सरांना सांगितलं, तर त्यांनी त्याचं नाटक लिहिलं. मजुराच्या बायकोचं, म्हणजे माझ्या आईचं काम मला दिलं. मी हुरळून गेले, हे कबूल करते.

सरांनी आईला एकदा तालमीला बोलावलं. नवऱ्याचं प्रेत समोर आलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असं विचारलं.

आई म्हणाली, "म्या मालकालाच इचारलं. हे आठ दिस सांगून राहिले व्हते, पाईप चिरलाय म्हणून. काहून न्हाई बदलला?"

"बाई, हे बातमीसारखं वाटतं," सर म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःचंच ठेवलं: नियतीनेच वाफ सोडली, दोष कुणाला देऊ? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं इस्त्रीचा झब्बा घालतात, हे मला तेव्हा कळलं.

घरी आईने एवढंच विचारलं, "तिथं माजं बोलणं बोलशील ना?" मी हो म्हणाले.

हिंगोलीला स्पर्धेत दुपारचा प्रयोग होता. आई बघायला आली होती. स्टेजवर जाताना सरांनी बजावलं, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर पुढच्या फेरीत तुझ्या जागी दुसरी उभी राहील. मला पुढची फेरी हवी होती, फार हवी होती. शेवटच्या वाक्याला मी आईकडे बघितलंच नाही. नियतीच म्हणाले, आणि आवाजात कंप आणून म्हणाले. टाळ्या थांबेनात. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं.

पडद्यामागे मालक आले. त्यांनी स्पर्धेला वर्गणी दिलेली, त्यामुळे पहिल्या रांगेत बसलेले. डोळे पुसत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बराबर बोललीस पोरी. मी तुज्या आईला तवापासून हेच सांगून राहिलो." आई शेजारीच उभी होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "आता तरी ऐका. तुमचं लेकरूच म्हणून राहिलं." ह्याच माणसाशी भर बाजारात भांडलेली बाई ती. त्या दिवशी तिने फक्त पदर सारखा केला.

सरांना मी शिव्या घालते, मालकाला घालते. पण ते वाक्य त्या दोघांपैकी कुणी स्टेजवर म्हटलं नव्हतं. आता एखादा पाहुणा विचारतो, हिचे वडील कशाने गेले? आई हातातलं काम न थांबवता माझ्याकडे बोट करते.

"हिला इचारा. हिला चांगलं सांगता येतं."