रिंगा बसेपर्यंत

नवी गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या गुजराती काकींनी विचारलं, "पेंडा क्यां छे?" आणि बाबांनी विचारलं, "इंजिन किती वेळ चालवून दिलं शोरूमवाल्यांनी?" पेंड्यांचा डबा माझ्या हातातच होता. इंजिनाचं उत्तर मात्र नव्हतं, आणि उत्तर नसलेला प्रश्न मला पचत नाही. लहानपणापासून घरात मला चौकशी खातं म्हणतात ते काही उगाच नाही.

घरात आता आम्ही दोघंच. आई गेली, लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, शाळेत विज्ञान शिकवते. बाबांची सगळी नोकरी प्रतापनगरला रेल्वेत गेली, डभोईच्या छोट्या लाइनीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात. पुढे लाइन मोठी झाली, छोटी इंजिनं गेली, बाबा रिटायर झाले. त्या इंजिनांनी त्यांना पेन्शन दिलं आणि कान नेले. समोर उभं राहून मोठ्याने बोललं तर कळायचं, पण कान गेलेत हे त्यांना कबूल नव्हतं. "हल्ली लोकच पुटपुटतात," म्हणायचे. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जायचे. हळूहळू त्यांनी घराबाहेर पडणंही सोडलं. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसणारी मंडळी हाक मारायला यायची, तर हे पाय दुखतो म्हणून सांगायचे. पाय चांगले ठणठणीत होते. एक दिवस हा माणूस माझ्याशीही बोलायचा बंद होईल, अशी मला भीती वाटायची. गाडी घेतली ती त्यांना बाहेर काढायला. शाळेत जायला मला स्कूटर पुरत होती.

गाडीनं बाबांना बाहेर काढलं खरं, पण अंगणाच्या फाटकापर्यंतच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवतेय तोवर ते किल्ली घेऊन बाहेर गेले. गाडी सुरू केली, बॉनेट उघडलं आणि हात मागे बांधून, मान थोडी कलती करून उभे राहिले. चहा निवला तरी इंजिन चालूच. विचारलं तर म्हणाले, "नवं इंजिन आहे, चालवून घ्यावं लागतं. आम्ही शेडमध्ये असंच जागेवर चालवायचो." मग ते रोजचंच झालं. जागची न हललेली गाडी कुठवर पोचली, अशी काकी भिंतीवरून थट्टा करायच्या, "काका, गाडी क्यां सुधी पहोंची?" बाबा हसून हात हलवायचे. त्यांना एक अक्षर ऐकू गेलेलं नसायचं.

इंजिन चालवून घेणं म्हणजे नेमकं काय, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. नंबर प्लेट लावायला शोरूममध्ये गेले तेव्हा तिथल्या मेकॅनिकला मी अगदी पिडलं. थोडं त्यानं सांगितलं, थोडं घरी येऊन मी वाचून काढलं, आणि मला भलतीच मजा वाटली. सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत असेल असं मी समजत होते. तर तिच्यावर मुद्दाम बारीक आडवेतिडवे ओरखडे पाडलेले असतात! पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासतात, दोन्हीकडचं थोडं थोडं झिजतं, आणि मग रिंग आणि भिंत एकमेकांच्या मापाची होतात. याला रिंगा बसणं म्हणतात. म्हणजे नव्या इंजिनाचं शेवटचं काम कारखान्यात होतच नाही, ते आपण रस्त्यावर करतो. नव्या लोखंडी तव्यावरचे पहिले चार घावन बिघडतात तेव्हा तवा तयार होत असतो, तसंच काहीसं.

मात्र रिंगा बसायच्या तर त्या भिंतीवर दाबल्या जायला हव्यात, आणि तो दाब इंजिन ओझं ओढतं तेव्हाच येतो. म्हणून पहिले हजारेक किलोमीटर गाडी रस्त्यावर फिरवायची. भरधाव नको, आणि तासभर एकाच वेगानंही नको. कधी हळू, कधी थोडी जोरात, गिअर बदलत. "आणि जागेवर उभी करून चालू ठेवली तर?" मी विचारलं. मेकॅनिकनं कपाळाला हात लावला, चुकूनही नको म्हणाला. "बेन, ए तो भूलथी पण नहीं करवानुं." बिनओझ्याच्या इंजिनात भिंत नुसतीच चकचकीत होते, रिंगा बसत नाहीत, आणि मग ते जन्मभर तेल पीत राहतं.

परत येताना डोक्यात गाडी कमी आणि बाबाच जास्त होते. ज्यानं जन्मभर इंजिनं उघडली आणि जोडली, त्याला हे ठाऊक नाही? की आता विसरायला लागले? आणि त्यांना सांगायचं तरी कसं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणावं तर यांचा आड चांगला भरलेला. सकाळचा तो वेळ म्हणजे त्यांच्या दिवसातलं एकुलतं एक काम होतं. तेही चुकीचं आहे म्हटलं असतं, तर ते पुन्हा आत जाऊन बसले असते. इंजिन बिघडलं तर बिघडलं, असं दोन दिवस मी मनाशी म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी राहवेना.

रविवारी मी गाडीजवळ स्टूल टाकून त्यांच्या समोरच बसले आणि मोठ्याने विचारलं, "बाबा, शेडमध्ये इंजिन जागेवर चालवायचात, तेव्हा त्याच्यामागे गाडी नसायची. मग त्याला ओझं कसं मिळायचं?"

त्यांचा चेहरा उजळला. "लोड द्यायचो ना! इंजिन वीज तयार करतं. ती मोठाल्या पेट्यांमध्ये सोडायची, पेट्या तापायच्या. इंजिनाला वाटायचं, मागे भरलेली गाडी जोडली आहे. अगं, लोडशिवाय चालवून काय फायदा?"

म्हणजे सगळं ठाऊक होतं. मी चाटच पडले. "मग आपल्या गाडीला ती पेटी कुठे आहे?"

 मग त्यांनी बॉनेट सावकाश खाली घेतलं, काही लागलेलं नसताना हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, "चल, डभोईपर्यंत जाऊन येऊ."

डभोईचा रस्ता या कामाला अगदी बराबर. जरा वेग घ्यावा तर पुढे कपाशीचा ट्रॅक्टर, तो मागे टाकावा तर गावातला गतिरोधक, तो उतरावा तर म्हशी. बाबांनी डावा तळहात डॅशबोर्डवर पसरून ठेवला होता. "आता बदल," म्हणायचे, आणि मी गिअर बदलायचे. एकदाही चुकले नाहीत. त्यांना बाहेर पडलेलं बघून मला इतका आनंद झाला होता की मी एकटीच बडबडत होते. पण आतला प्रश्न काही स्वस्थ बसू देईना. लिंबाची सावली बघून मी गाडी थांबवली, त्यांच्याकडे वळले आणि विचारलं, "सगळं माहीत असून रोज जागेवर का हो चालू ठेवत होतात?"

त्यांनी समोरच्या बॉनेटकडे बोट दाखवलं.

"तू गाडी घेऊन आलीस ना, तेव्हा इंजिन बंद आहे असं समजून मी बॉनेटवर हात टेकला," ते म्हणाले. "ते चालू होतं. हाताला कळलं, कानाला कळलंच नाही. सगळी नोकरी मी इंजिनं कानानं ओळखली गं. कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे ते लांबून सांगायचो. म्हणून रोज उभा राहत होतो. वाटायचं, आज येईल ऐकू."

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही. इंजिनाच्या पोटात काय चालतं ते मी मेकॅनिकला विचारलं, पण रोज सकाळी माझ्या दारात कान लावून उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल आता. उभी करून ठेवू नकोस."

निघालो. डभोईच्या जुन्या वेशीचा दरवाजा दिसायला लागला. समोर गर्दी होती, रस्त्यावरची नजर हलवता येत नव्हती. मी तशीच, नेहमीच्या आवाजात बोलून गेले, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या का?"

उत्तर आलं नाही. मला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात. मग डॅशबोर्डवरचा हात उचलला गेला आणि बाबा माझ्याकडे वळले.

"काय म्हणालीस?"

कित्येक वर्षं ते अंदाजानं मान हलवत आले होते. हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. मी गाडी कडेला घेतली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि पुन्हा, मोठ्याने विचारलं.