लेकीचं वजन

जगात अवघड असं काहीच नाही, असं मानणारा एक माणूस आमच्या गल्लीत राहत होता. मी म्हणाले, गुडघे दुखतात. तो म्हणाला, "त्यात काय हाय काकू, रोज जिना चढत जा." समोरच्यांचा मुलगा दहावीला गणितात नापास झाला. हा म्हणाला, "त्यात काय हाय, पुन्हा बसवा." शेजारचे अण्णा वारले तेव्हा त्यांच्या बायकोसमोर तरी हा गप्प राहील असं वाटलं होतं. राहिलाही, पण चहा येईपर्यंतच. नाव गजानन, घरचे गजू म्हणायचे. अमरावतीच्या आमच्या गल्लीत तोंडावर गजूभाऊ आणि पाठीमागे त्यातकाय.

धंदा अडतीचा. भाजीबाजारात वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान, त्यात थोरला भाऊ भागीदार. शेतकरी माल आणतो, अडत्या तो काट्यावर मोजतो, हर्रास पुकारतो आणि जो जास्त बोलेल त्याला माल देतो. पुकारायचं काम गजूचं. त्यामुळे त्याच्या आवाजाला घरातही बाजाराएवढीच जागा लागायची. मी त्याच्या खालच्या मजल्यावर राहते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण एवढा गोंगाट चाळीस पोरांच्या वर्गातही ऐकला नाही. शिवाय माझे वडील धामणगावकडचे, वांगी-टमाटे पिकवणारे. अडत्या या प्राण्याबद्दलचं माझं मत लहानपणीच बनलेलं होतं, हे आधीच सांगून टाकते.

त्याची बायको वैशाली बँकेत होती. शांत, कामाची मुलगी. ती ऑफिसर होण्याची परीक्षा पास झाली आणि तिला तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला हैदराबादला बोलावलं. ट्रेनिंग मध्येच सोडलं तर बढती गेली, असा नियम. घरात दीड वर्षाची मनू. सासूबाई पातूरला, त्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. वैशाली माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "काकू, जाऊ का नको?" मी काही बोलायच्या आत जिन्यावरून आवाज आला, "जाय न तू बिनधास्त. पोरगी सांभाळणं, त्यात काय हाय? बाजारात शंभर मानसं सांभाळून राहिलो न मी."

तोवर गजूचा आणि मनूचा संबंध म्हणजे संध्याकाळी तिला हवेत उडवायचं, दोन पाप्या घ्यायच्या आणि ती ओली झाली की "वैशाली, घे वं हिले" म्हणून परत करायची. नासका माल शेतकऱ्याला परत करावा तशी.

वैशाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाली आला. मनूच्या अंगात फ्रॉक उलटा, एका पायात बूट, आणि ती टाहो फोडत होती.

"काकू, हे काहून रडून राहिली?"

"भूक लागली असंल तिले."

"रातच्याले तर खाल्लं न तिनं."

आता यावर काय बोलायचं? मी दूध-पोळी कुस्करून दिली आणि लहान मुलं दिवसाही जेवतात ही माहिती दिली. त्याने ती नवी बातमी ऐकावी तशी ऐकून घेतली.

तरी माणूस चिवट. माझ्याकडे पोर ठेवून जा म्हटलं तर ठेवेना. "मी एकटा सांभाळीन म्हणलं हाय," हे एकच पालुपद. मनू त्याच्या हातून घास घेत नव्हती. विमान झालं, चिऊ झाली, काऊ झाला, तोंड बंद. शेवटी त्याला जे येत होतं ते त्याने केलं. "मुंगाची खिचडी, एक बार... मुंगाची खिचडी, दोन बार..." असा पुकारा सुरू केला, आणि "तीन बार" म्हणताच मनूने तोंड उघडलं. त्या दिवसापासून मनूचं जेवण म्हणजे हर्रास. तिने किती घास खाल्ले हे सगळ्या गल्लीला समजायचं. खालून जाणारा केळीवाला गाडी थांबवून वर बघत राहायचा. पोरगी मात्र जेवू लागली, हे मला मान्य करावं लागलं.

इथे आमच्या गल्लीला उमाळा आला. एकटा बाप लेकरू सांभाळतो म्हणजे काय! कोणाकडून कोथिंबिरीची सांबारवडी, कोणाकडून भरीत, कोणाकडून शिरा. डबे वर जाताना मी मोजायचं सोडून दिलं. गजूनेही मनूला झोळीत झोका देतानाचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला. तो फोटो काढायला मलाच वर बोलावलं होतं आणि नीट आला नाही म्हणून तीनदा काढायला लावला होता. मागच्या वर्षी हाच गजू मित्रांबरोबर गोव्याला गेला, तेव्हा मनूला दात येत होते. वैशाली पाळणाघर, बँक आणि तापलेली पोर सगळं एकटी ओढत होती. तेव्हा या गल्लीतून भाकरीचा तुकडा वर गेला नव्हता. उलट तिचे कपडे दोन-दोन दिवस दोरीवरच असतात, याची चर्चा झाली होती. मी हे बायकांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अवो काकू, ते माय हाय न तिची." संपला विषय.

थोरल्या भावाने काही दिवस एकट्याने हर्रास रेटली आणि मग त्याचा घसा बसला. गजूला बाजारात जाणं भाग पडलं, आणि पाळणाघर काही पहाटे उघडत नाही. पहाटे मनूला शालीत गुंडाळून, वैशालीच्या ओढणीने छातीशी बांधून तो स्कूटरवर निघाला. बाजारात हमालांनी तिला खेळवलं, गोबीच्या ढिगावर बसवलं, आणि कोणीतरी गंमत म्हणून काट्यावर ठेवलं. वैशालीने जाण्याआधी डॉक्टरांकडे मनूचं वजन केलं होतं. अकरा किलो. दुकानाचा काटा म्हणाला साडेदहा.

गजूचं धाबं दणाणलं. आपल्या हातून पोरगी अर्धा किलो वाळली. मग सुरू झाला खुराक. केळं, शिरा, तुपात भिजलेला भात. हर्राशीचा आवाज दुपारीही येऊ लागला. दोन दिवसांनी पुन्हा काट्यावर ठेवलं. काटा हलला, पण अकराला काही पोचला नाही.

त्याने पातूरला आईला फोन लावला. गजूचा फोन म्हणजे स्पीकरवरच, त्यामुळे आम्हीही सगळे होतोच.

"मी म्हणलंच होतं," आई म्हणाल्या. "माय गेली का लेकरू असंच सुकते. आपल्या घरात बाप्या मानसानं लेकरू वाढवलं, असं कोणी पायलं हाय का? बोलाव तिले."

तासाभरात गल्ली फिरली. कालपर्यंत डबे पाठवणाऱ्या त्याच बायका आज कठड्यावर कोपर टेकवून म्हणू लागल्या, आई ती आईच, आणि ऑफिसर होऊन काय करायचं आहे पोर वाळवून. वैशाली तिथे हैदराबादला, तिला यातलं काही माहीत नव्हतं. गजूने तिला फोन लावला. "वैशाली, पोरगी वाळून राहिली वं, दुकानात साडेदहाच भरली," एवढंच बोलला आणि हा एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस हुंदके देऊन रडला. वैशालीने ट्रेनिंगच्या साहेबांना सांगितलं, बॅग भरली आणि संध्याकाळच्या बसचं तिकीट काढलं.

मी वर गेले. मनू जमिनीवर बसून चप्पल चावत होती. मांड्यांना वळ्या पडलेल्या, गाल तसेच. मी गजूला म्हटलं, "अरे, हे पोरगी तुले वाळलेली दिसते? डोळे फुटले का? आदी डॉक्टरकडे चाल." स्कूटरची किल्ली हातात धरून तो घरभर किल्लीच शोधत होता, म्हणून स्कूटर नको म्हटलं आणि रिक्षा केली.

दवाखान्यात नर्सने मनूला काट्यावर ठेवलं. अकरा किलो दोनशे ग्रॅम. गजू म्हणाला, "पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. तेवढंच.

"तुम्ही कुठं केलं होतं वजन?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुकानात."

"मग फरक तुमच्या काट्यात असेल," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

आम्ही बाहेर आलो. बाकावर नूरभाई आणि त्यांची बायको नातवाला घेऊन बसले होते. शहराबाहेर त्यांची वाडी आहे आणि त्यांची मेथी, गोबी वर्षानुवर्षं गजूच्याच दुकानात येते. दार उघडंच होतं, त्यांनी सगळं ऐकलं होतं. गजूचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो काटा प्रत्येकाचा माल कमी दाखवतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वडिलांच्या वेळेपासूनची सोय होती ती. मध्ये काटे बदलले, सोय तीच राहिली. आपल्या लेकीलाही तो कमीच दाखवणार, एवढं मात्र त्या हुशार डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. घरी भरलेलं पोतं बाजारात जाईपर्यंत हलकं कसं होतं, हे कोडं माझ्या वडिलांनी जन्मभर आमच्यासमोर घातलं होतं.

तेवढ्यात वैशालीचा फोन आला. ती बसमध्ये चढली होती.

"मनू बरी हाय. तू येऊ नको," गजू म्हणाला.

"सकाळी रडत होते, आन् आता बरी हाय म्हणता? मले समजावू नका. मी निघाली."

"अवं, डॉक्टरनं मोजलं. अकराच्या वर भरली."

"मंग तिकडं साडेदहा कशी भरली?"

गजूने माझ्याकडे पाहिलं आणि फोन पुढे केला. मी हात मागे घेतले. "मी नाही सांगत. दुकान तुह्यं हाय, तूच सांग."

काटा बिघडला होता, असं म्हणता आलं असतं. सोपं होतं, कोणाचं काही गेलं नसतं. मला वाटलं, आता हा तेच म्हणणार. त्याने मनूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पलीकडून कंडक्टरचा आवाज येत होता. वैशालीने विचारलं, "मनू खरंच बरी हाय न?"

"वैशाली," तो म्हणाला, "पोरगी बरोबर हाय. आपला काटा कमी दाखवते. आदीपासूनच दाखवते. मले माहीत होतं."

सगळा दवाखाना ऐकत होता. नूरभाईंनी नातवाची टोपी नीट केली आणि मान वर न करता म्हणाले, "हमकू भी मालूम था, भाऊ."

वैशाली म्हणाली, "बरं. उतरते मी बसमधून. तिले वरण-भात द्या, आन् तूप कमी टाका."

दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात ही बातमी गजूच्या आधी पोचली होती. शेतकरी पोती उतरवेनात. "आदी पोरीले ठेवा," म्हणाले. मनूला काट्यावर बसवलं, आकडा दवाखान्याएवढा येत नाही म्हटल्यावर सगळे हाताची घडी घालून उभे राहिले. काटा दुरुस्त करणारा माणूस येईपर्यंत हर्रास थांबली. मनूला मात्र तो खेळ आवडला. पुढे रोज सकाळी आधी ती, मग गोबी. थोरला भाऊ म्हणाला, बापाची पेढी एका पोरीपायी बुडवली, आणि त्याने बोलणं टाकलं.

गजू सुधारला वगैरे समजू नका. आठ दिवसांत तो ही गोष्ट अशी सांगू लागला की जणू हे आपण तत्त्व म्हणूनच केलं. "काकू, इमानदारीनं धंदा करणं, त्यात काय हाय?" असं तो माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून मला म्हणाला, तेव्हा हातातली पळी मी कशी आवरली ते माझं मला माहीत.

वैशाली ट्रेनिंग पूर्ण करून आली, ऑफिसर झाली, आणि तिची बदली अकोल्याला झाली. गल्लीच्या बायका तिला म्हणाल्या, नशीबवान आहेस, असा नवरा मिळाला. ती नुसती हसली. भावाशी पटेनासं झालेलंच होतं. गजूने दुकानातला भाग सोडला. अकोल्यात आता तो भाजीचं छोटं दुकान चालवतो. मनूला अंगणवाडीत सोडतो, आणतो, आणि तिथल्या बायकांनाही सल्ले देत असेल.

ते निघाले त्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं. मी गजूला बाजूला घेऊन विचारलं, "काटा बिघडला म्हणाला असता तर तुह्यी पेढीबी राहिली असती, भाऊबी राहिला असता. काहून नाही म्हणाला?"

"म्हणणार होतो काकू. तोंडावर आलं होतं." तो नेहमीसारखा बोलत नव्हता, त्याचा आवाज पहिल्यांदाच मला कान देऊन ऐकावा लागला. "पण तिनं इचारलं न, मनू खरंच बरी हाय का म्हणून. ती तिकडं लांब, तिले दिसत नाही. मायं बोलणंच हाय तिच्यापाशी. तवा खोटं बोललो असतो, तर पुढं कदी मनूले ताप आला, पडली-झडली, आन् मी म्हणलं बरी हाय, तर तिनं मायं कशाच्या भरोशावर खरं धरावं?"

असं म्हणून त्याने मनूला माझ्याकडे दिलं आणि दोरी आवळायला गेला. मला या माणसाचा राग राग यायचा. त्याचा आवाज, त्याचे सल्ले, त्याचे फोटो, सगळ्याचा. तो जाऊ नये असं त्या वेळी मला फार वाटलं. वैशालीने दोनदा हाक मारली, पण टेम्पो सुरू होईपर्यंत मी मनूला खाली ठेवलं नाही.