पुराच्या दगडाची चोरी

आजही कुणाच्या अंगणात गोधडी घातलेली बैठक दिसली, की बसण्याआधी मी गोधडीचं टोक उचलून पाहतो. घरचे हसतात. या खोडीमागे वैनगंगेकाठच्या एका गावातला एक गुन्हा आहे आणि तो मी जन्मात विसरणार नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. पवनी भागातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मे महिन्यातल्या एका सकाळी हजेरी आटोपत होती, तेवढ्यात त्या गावचे पोलीस पाटील आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “साहेब, आमच्या गावचा पुराचा दगड चोरीले गेला.”

जमादार हसला. मला हसू आलं नाही. नदीच्या वाटेवर पुरलेला तो लांबट दगड मी पाहिला होता. मागच्या मोठ्या पुरात पाणी जिथवर चढलं, तिथे त्यावर रेघ कोरलेली होती. रेघेला दोन हात उरले की गुरं सोडायची, एक हात उरला की माणसांनी टेकडी गाठायची, असा गावाचा रिवाज. तसा निरोप आला की ठाण्यातून आम्ही डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, पाठवत असू. पाऊस तोंडावर आला होता आणि दगड नाही, म्हणजे गाव आंधळं झालं. तक्रार डायरीला घेतली, जागेचा पंचनामा केला. खड्डासुद्धा बुजवून टाकलेला होता.

खबर मिळाली ती बाजारात झिंगे विकणाऱ्या एका बाईकडून. मान वर न करताच ती म्हणाली, “साहेब, दगड बाहेर कायले शोधता? त्या गावात एका पोराचं लग्न जुळून राहिलं. पोरीचा बाप घर पाहाले येनार हाय. त्याले नदीच्या रस्त्यानं नाई, आमराईच्या फेऱ्यानं आननार हायेत. काहून, ते तुमीच पाहा.”

बाकीचं जमादारानं पानठेल्यावर उभं राहून काढून आणलं. मुलगा कष्टाळू, घरी धानाची शेती, पण पाहुण्यांची नजर त्या रेघेवर गेली की बोलणी तिथेच संपत. बुडणाऱ्या गावात पोरगी कोण देणार? आता दिघोरीकडचं स्थळ सांगून आलं होतं. तेही मोडलं तर मुलगा बिनलग्नाचा राहील, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

पाहुणे यायच्या दिवशीच मी त्या घरी जाऊन थडकलो. गावात शिरतानाच एक गोष्ट खटकली. घरांच्या भिंती पांढऱ्या मातीनं ताज्या पोतारलेल्या होत्या, पण फक्त खालच्या अर्ध्या. मुलाच्या आईनं मला अंगणात गोधडी घातलेल्या बैठकीवर आदरानं बसवलं आणि मी एकेकाला बोलावून चौकशी सुरू केली.

मुलाचे वडील म्हणाले, दगड पुरात वाहून गेला. “मे महिन्यात?” मी विचारलं. ते चहा सांगायला उठले. शेजारी म्हणाला, रानडुकरांनी उकरला. तिसऱ्यानं तो जमिनीत धसल्याचं सांगितलं. आई म्हणाली, “देवानं नेला असन, साहेब. चाय घ्या.” सराईत गुन्हेगार सगळे मिळून एकच खोटं सांगतात, भोळी माणसं ज्याचं त्याचं खोटं घेऊन येतात. ही टोळी अगदीच भोळी होती.

इतक्यात मुलीचे वडील आले. आमराईच्या फेऱ्यानं धोतर कुसळांनी भरलेलं. त्यांना माझ्याच शेजारी बसवलं. चहा घेताघेता त्यांचा हात गोधडीखाली गेला, काहीतरी चाचपू लागला.

“ठानेदार साहेब,” ते हळूच म्हणाले, “तुमी काय शोधून राहिले?”

“दगड.”

“रेघ हाय का त्याच्यावर?”

“आहे.”

“मंग उठा. आपन दोघंबी त्याच्यावरच बसलो.”

मी ताडकन उठलो. तासभर मुद्देमालावर बसून मी मुद्देमालाची चौकशी करत होतो! जमादारानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी आवाज चढवून विचारलं, “दगड उचलला कोणी?”

पोलीस पाटील पुढे आले. “साहेब, पोलीस पाटील म्हनून फिर्याद मी देल्ली. अन् पोराचा काका म्हनून दगडबी मीच उचलला.”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाहुण्यांना म्हणाली, “भाऊ, घरात कमरेएवढं पानी आलं होतं. लपवलं आमी. या दगडापायी माह्या पोराचं लग्न होत नाई. आता तुमीबी जा.”

“जाऊ कायले?” पाहुणे म्हणाले. “आमचं घर तलावाच्या पारीखाली, बांधाच्या पायथ्याशी हाय. पार फुटली तवा आमाले कोनी उठवलं नाई. माही पोरगी धान भराच्या ढोलीवर चढून वाचली. तवापासून पावसाच्या रातीले माह्या डोळ्याले डोळा लागत नाई. तुमच्याइथं तं उठाची वेळ सांगनारा दगड हाय. तो जागेवर लावा, पोरगी देल्ली.”

लावायचा तर किती खोल? वीतभर चूक झाली तरी गाव अवेळी उठलं असतं. पाहुणेच म्हणाले, “भिंतीवर पान्याची खून असन ना?” सगळे भिंतीकडे पाहू लागले. आईनं खुरपं आणलं आणि स्वतः केलेला पोतारा स्वतःच्या हातानं खरवडला. आत पुराची रेघ जशीच्या तशी होती. गवंड्यानं पाण्याची नळी लावून तीच उंची दगडावर घेतली आणि संध्याकाळपर्यंत दगड उभा राहिला. मुद्देमाल मूळ जागी मिळाला, असं लिहून मी तक्रार निकाली काढली. नवी नवरी गावात आली ती नदीच्याच रस्त्यानं. दगडापाशी बैलगाडी थांबवून तिनं रेघेवर हळदीचं बोट ओढलं.

माणसं संकट लपवतात ती लाजेपायी, हे मी त्या अंगणात शिकलो. आणि ते उघडं केलं की दूर जातील असं वाटणारी माणसंच जवळ येतात, हेही. पुढे नोकरीभर मी आरोपीला दरडावण्याआधी त्याला लाज कशाची वाटते, ते शोधत राहिलो.

त्याच श्रावणात निरोप आला: रेघेला दोन हात उरले. आम्ही डोंगे घेऊन पोहोचलो तेव्हा रेघेला हातभरच उरलं होतं आणि गाव रिकामं होतं. गुरंढोरं, माणसं, सगळी टेकडीवर. चुली पेटल्या होत्या, पोरं दंगा करत होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हाका मारू लागलो. तशी ती नवी सून ताडपत्रीखालून लगबगीनं बाहेर आली. तिचे वडील पाऊस लागला तसे लेकीकडे आले होते.

“साहेब, हळू बोला,” ती ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “बाबा झोपले.”