अक्कांच्या दोरीवरच्या पिशव्या

लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि तशीच उभी राहिले. समोरच्या अंगणातल्या दोरीवर दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत होत्या. धुतलेल्या, उलट्या केलेल्या, प्रत्येकीला चिमटा. खाली एक उंच, धिप्पाड बाई पदर खोचून त्यांच्यावरून अशी नजर फिरवत होती, जशी पाहुण्यांच्या पंगतीवरून फिरवावी.

मला वाटलं, या गल्लीतला काही नवस असेल. तसं विचारलंही. त्यावर त्या इतक्या जोरात हसल्या की लिंबावरचे कावळे उडाले.

"नवस नई व माय! दूध पी लिधं, आते पिशवी वाळी ऱ्हायनी!"

ही माझी आणि इंदूअक्कांची पहिली भेट. त्यांचं माहेर नरडाण्याकडचं. माझ्या आजोळी बोलतात तीच बोली परक्या गावात कानावर पडली आणि मी तिथल्या तिथे त्यांची झाले.

अक्कांचे यजमान नाना पाटबंधारे खात्यात कारकून. माणूस अबोल, पण एक तक्रार ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. "या घरात चिमटे पिशव्यांना, आणि माझं धोतर देवाच्या भरवशावर." ते खोटं नव्हतं. एकदा ते धोतर उडून पिठाच्या गिरणीपर्यंत गेलं होतं. गिरणीवाल्याने ते घडी घालून परत आणून दिलं, तेव्हा अक्का उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नानाही शेवटी हसले.

मी येण्याच्या बरीच वर्षं आधी पातळ प्लास्टिक गल्लीत बोकाळलं होतं. काचेच्या बाटल्या जाऊन दुधाच्या पिशव्या आल्या, किराणाही कागदातून पिशवीत गेला. गटार तुंबलं की काठीने उपसायचं, आणि निघालेलं सगळं कोपऱ्यावर पेटवून द्यायचं, ही रीत. त्या धुराने अक्कांची धाकटी मुलगी सुनंदा लहानपणी गुदमरायची. म्हणून अक्कांनी भंगारवाल्या युसूफभाईंना गाठलं. एमआयडीसीत अशा प्लास्टिकचे दाणे करतात आणि त्यांच्या चटया विणतात, हे त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून गल्लीतली पातळ पिशवी त्यांच्या हातगाडीवर जाऊ लागली.

पण युसूफभाईंचे नियम हवेसारखे बदलत. कारखाना त्यांना सांगे, ते अक्कांना सांगत. आधी काहीही चाले. मग आंबूस वासाची पिशवी बंद झाली, म्हणून धुणं आलं. मग ओली बंद झाली, म्हणून दोरी आली. मी आले त्या वर्षी नवाच हुकूम निघाला. बिस्किटांचे, वेफरचे चकचकीत कागद अजिबात नकोत, ते दाण्यांत मिसळले की सगळा माल बिघडतो.

आता ओळखायचं कसं? अक्कांनी दुपारभर एकेक कागद हातात चुरगळून पाहिला आणि संध्याकाळी ओट्यावर सगळ्या बायकांना निकाल ऐकवला. "कानशी धरा नि दाबा. जे बोलस ते कचरामा, जे गप ऱ्हास ते गाडीवर!"

पुढचे काही दिवस आमच्या गल्लीतल्या बायका दारोदार पिशव्या कानाला लावून उभ्या असायच्या. पोस्टमनने माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "साहेब, आत काय ऐकू येतं हो?"

अक्का लवकरच माणसांनाही हाच नियम लावू लागल्या. पुढारी मत मागून गेला की मागून आवाज यायचा, "लय बोलस. कचरामा!"

सुनंदाचं लग्न मात्र जमत नव्हतं. मुलगी देखणी, बी.ए. झालेली, पण हसू आईचं. नको तिथे फुटायचं आणि आवरायचं नाही. दोन ठिकाणांहून तेवढ्यावरच नकार आला होता. धरणगावचं स्थळ बघायला येणार ठरलं, तेव्हा तिने आईचे हात धरले. "आई, आज तरी ती दोरी काढ."

अक्कांनी काढली. पण पिशव्या ओल्या होत्या, कोंडून ठेवल्या तर वास मारला असता. म्हणून त्यांनी त्या टोपल्यात भरून गच्चीवर उन्हात ठेवल्या.

पाहुणे अंगणात लिंबाखाली बसले. मुलाचे वडील घराण्याबद्दल, कापसाबद्दल, स्वतःबद्दल बोलत होते. मुलगा गप्प. सुनंदा मान खाली घालून चहा देत होती. मी मदतीला पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. तेवढ्यात वैशाखातली वावटळ गल्लीत शिरली, घुमत वर गेली, आणि अख्खं टोपलं आकाशात रिकामं झालं.

एक पिशवी पोह्यांवर बसली. एक मुलाच्या आईच्या अंबाड्यात अडकली. आणि एक, पूर्ण फुगलेली, मुलाच्या वडिलांच्या टोपीवर टोपीसारखीच जाऊन बसली.

अक्कांना मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. आणि सुनंदाचं हसू फुटलं. कपबशीसकट थरथरत ती हसत राहिली.

"ही काय थट्टा आहे?" वडील उठले. "चला रे."

पण मुलगा कुठे होता? तो गल्लीत उडणाऱ्या पिशव्यांमागे धावत होता. सुनंदाही ट्रे माझ्या हातात कोंबून धावली. गटारावरून, सायकलींमधून दोघं पिशव्या पकडत होते. तो काहीतरी विचारत होता, ती एक पिशवी त्याच्या कानाशी दाबून दाखवत होती.

"प्रकाश!" वडील ओरडले.

तो दोन्ही हात भरून पिशव्या घेऊन फाटकात आला. केसांत धूळ, सदऱ्याचं बटण तुटलेलं. म्हणाला, "बाबा, तुम्ही व्हा पुढे. झाडावरच्या अजून राहिल्यात."

त्याच्या आईने अंबाड्यातली पिशवी काढली, वास घेतला आणि अक्कांना म्हणाली, "विहीणबाई, धुता कशाने?"

त्या 'विहीणबाई'वर सगळं ठरलं.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली धुळ्याला झाली. अक्का एकदा आमच्याकडे राहायला आल्या. तिथला भंगारवाला पातळ पिशवीला हात लावत नसे. अक्का भर रस्त्यात त्याच्या गाडीला आडव्या उभ्या राहिल्या, मागे आमच्या गल्लीतल्या बायका.

"मावशी, तुम्ही इथल्या का?" त्याने वैतागून विचारलं.

"नई भाऊ, मी तं पाहुनी शे. पन या बाया बठ्ठ्या आठेच ऱ्हातस. तू चहा लेशी ना?"

त्याने चहा घेतला, आणि पुढच्या खेपेपासून पिशव्याही.

जायच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. जळगावची गाडी सुटली तशी अक्कांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि हातवारे करत मला काहीतरी ओरडून सांगितलं. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. मी आपली मान हलवली. त्यानंतर त्या मला भेटल्या नाहीत. पुढच्या हिवाळ्यात गेल्या.

त्या काय म्हणाल्या, ते मला आजवर कळलेलं नाही. पण गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत आतली सगळी माणसं हसत होती. कंडक्टरसुद्धा.