तिसऱ्या चरातली खापरं

पुरातत्त्वात काय असतं हो, असं विचारायला हल्ली कुणी आलं की मी आधी विचारतो, घरी भांडी घासता का? माणूस चमकतोच. त्याला राजवाडे, गुहा, सोन्याचे हंडे ऐकायचे असतात. अहो, कसले हंडे! या धंद्यात निम्मं आयुष्य जातं ते खापरं धुण्यात.

सत्तरच्या दशकात मी हुबळीहून रोज बसनं धारवाडला हे शिकायला जायचो. घर कमरीपेठेत, बाजारात भांड्यांचं दुकान. अप्पांना, म्हणजे वडिलांना, मी गल्ल्यावर बसायला हवा होतो आणि मला दुकानाचा मनस्वी कंटाळा. वाट्या मापानं लाव म्हटलं की मी हाताला येतील तशा रचायचो. "डबा कुठं, झाकण कुठं! घसा बसला माझा सांगून सांगून," अप्पा गिऱ्हाइकांदेखत ओरडायचे. शेवटी त्यांनी बजावलं, "एक हिवाळा माती उकर जा. तिथनंही हाकललं तर मुकाट्यानं दुकानात बसायचं."

उत्खनन एका खेड्याबाहेरच्या टेकाडावर होतं. गावकरी रोज येऊन विचारायचे, "बंगार सिक्तेन्री?" सोनं कुठलं सापडतंय! आम्ही खापरं दाखवायचो. "एवढं शिकून उकिरडा उकरताय होय?" म्हणून हसत निघून जायचे. खोटं काय होतं त्यात? जुन्या लोकांनी फेकलेलंच आम्ही वेचत होतो.

फक्त वेचायची एक रीत असते. माती थराथरानं उतरवायची. खालचा थर जुना, वरचा नवा. खापर ज्या थरात मिळालं त्याची चिठ्ठी त्याच पिशवीत टाकायची, आणि धुतानासुद्धा एका पिशवीचं दुसरीत जाऊ द्यायचं नाही. चिठ्ठी गेली की खापर किती जुनं ते कुणाच्या बापाला सांगता येत नाही.

एका दुपारी आमचे प्राध्यापक तालुक्याला गेले आणि तिसऱ्या चराच्या सगळ्या पिशव्या धुवायला माझ्यावर सोपवून गेले. तीन आठवड्यांची खोदाई होती ती. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून मी खिशात घातल्या. खापरं घासूनपुसून उन्हात मांडली. मांडता मांडता काय अंगात संचारलं देव जाणे! काळी इकडं, तांबडी तिकडं. काठ वेगळे, बुडं वेगळी. लहानापासून मोठ्यापर्यंत सरळ रांगा. सर खूश होणार, या आनंदात मी शीळ घालत होतो.

सर आले. "वा!" म्हणाले. मग म्हणाले, "चिठ्ठ्या?"

मी खिशातून गठ्ठा काढला आणि तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला.

"कुठलं खापर कुठल्या थरातलं, आठवतंय?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. अंदाजानं चिठ्ठ्या वाटल्या असत्या. ती भांडी घडवणारा जुना कुंभार थोडाच तक्रार घेऊन येणार होता! डोळ्यांपुढं अप्पांचा गल्ला दिसत होता. तरी तोंडातून "नाही" निघालं. लाजेनं रडूच फुटलं मला.

सरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातातून घेतला. "वेंधळा सुधारतो," ते म्हणाले, "खोटी चिठ्ठी लावणारा सुधारत नाही. उद्या चौथ्या चरावर ये."

घरी मी यातलं अक्षर काढलं नाही. मी त्याच कामाला चिकटलो, पण अप्पांनी गल्ल्याशेजारचं स्टूल माझ्यासाठी मोकळंच ठेवलं होतं. ऐंशीच्या दशकात कधीतरी त्या उत्खननाचा अहवाल छापून आला. तो घेऊन दुकानात गेलो. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. "यात तू कुठं आहेस?" त्यांनी विचारलं. एखादा फोटो दाखवून भागलं असतं. मी एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत वाचली: तिसऱ्या चरातली खापरं धुताना मिसळली, थर ठरवता येत नाही. मग सगळं सांगून टाकलं.

अप्पांनी चष्मा काढला. "मापाप्रमाणे लावलीस?"

"हो."

"काळी वेगळी, तांबडी वेगळी?"

"हो, अप्पा."

"गाढवा," ते म्हणाले, "जन्मात एकदा नीट दुकान लावलंस, ते तिथं!" आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुलावर पातेल्यांची चळत होती. नंतर कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की अप्पा सांगायचे, "आमचाच धंदा. भांड्यांचा. तो फुटकी बघतो."