साडेचारचा भोंगा

नारायण खानझोडे काकांसमोर 'बिघडला' हा शब्द काढायची सोय नव्हती. "बिघडला हा निकाल झाला!" ते ओरडत. "तपासणी कुठे आहे?" ओरडत म्हणजे रागाने नव्हे. कारखान्याच्या टेस्टिंग खात्यात, ट्रान्सफॉर्मरच्या घरघरीत पस्तीस वर्षं काढून त्यांचे कान बरेचसे कामातून गेले होते. म्हणून स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायचं, हा त्यांचा नियम. काका अवधपुरीत बोलले की पलीकडच्या सोनागिरी वसाहतीत कळतं, असं आम्ही म्हणायचो.

तेविसाव्या वर्षी ते वर्ध्याहून भोपाळला आले आणि इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर अवधपुरीत घर बांधलं आणि सायकलला कापडी पिशवी अडकवून लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू बघत फिरू लागले. पंखा, मिक्सर, पुढे कॉम्प्युटर. चहाशिवाय काही घेत नसत. "यांना घरी बसवलं तर हेच बिघडतील," असं लीलाकाकू म्हणायच्या. तो शब्द वापरायची परवानगी फक्त त्यांना होती.

२००३ सालच्या गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक होतं. कारखान्यातल्या एका माणसाचा नोकरीचा शेवटचा दिवस, असा विषय. अगदी शेवटी भोंगा वाजतो, तो माणूस उभा राहून ऐकतो आणि पडदा पडतो. आवाजांचं काम मी मागून घेतलं होतं. खरं सांगायचं तर भांडून घेतलं होतं. कारण मंडळाकडे जी जुनी कॅसेट होती, तिच्यात भोंगा म्हणून चक्क आगबोटीचा आवाज होता. भोपाळात आगबोट! आणि ऐकणार कोण, तर जन्मभर त्या भोंग्यावर घड्याळ लावलेली माणसं. "मी खरा भोंगा घेते, माझ्या कॉम्प्युटरवर," मी म्हटलं. दिग्दर्शक भालचंद्र गंधे हसले आणि म्हणाले, "घ्या, वसुधाताई. कॅसेट मात्र मी खिशात ठेवतो." त्या हसण्याने मला महिनाभर झोप नीट लागली नाही.

आणि प्रयोगाच्याच दिवशी घात झाला. आधी घेतलेल्या भोंग्यात कुत्रं भुंकलं होतं, म्हणून तो मी पुसून टाकला होता. सकाळी आठचा नवा घेतला, स्वच्छ आला. तो आणखी स्वच्छ करायच्या नादात सेव्ह करायचं राहिलं, आणि दुपारी पावणेतीनला लाइट गेली. भोंगा गेला! आता पुढचा साडेचारला. प्रयोग सातला. म्हणजे एकच संधी उरली होती.

तीन वाजता लाइट आली. मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, विनवलं, शेवटी कॅबिनेटला एक चापटही मारली. ढिम्म. नाटकासाठी रजा घेऊन घरी असलेला नवरा, सुभाष, न सांगता स्कूटर काढून काकांना आणायला गेला.

काका सव्वातीनला आले. "काका, कॉम्प्युटर बिघ..." मी जीभ चावली. "सुरू होत नाही. साडेचारच्या आत झाला नाही तर माझं नाक कापलं जाईल."

"एक तास पंधरा मिनिटं!" काका खूश होऊन म्हणाले. "यात तर अख्खा ट्रान्सफॉर्मर तपासून होतो."

आधी त्यांनी पिशवीतून वायर लावलेला बल्ब काढला आणि कॉम्प्युटरच्याच सॉकेटात लावला. बल्ब पेटला. "वीज इथवर आली. आता पुढच्या घरी विचारू." मग ते कॅबिनेटच्या मागे वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. "वसुधा, हे मागचं छोटं बटण कोणी बंद केलं?"

मला तिथे बटण आहे हेच ठाऊक नव्हतं. सुभाषने खाली बघितलं. तो कारखान्यात स्विचगिअरला, म्हणजे मोठमोठ्या स्विचांच्या खात्यात. लाइट गेली की घरातला जो दिसेल तो स्विच बंद करायचा ही त्याची शिस्त. "सवयीने केलं असेल," तो पुटपुटला. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. काका मात्र म्हणाले, "शाबास! नियमाप्रमाणे केलं. फक्त नोंद केली नाही."

बटण वर केलं. पंखा फिरला! मी टाळी वाजवली, ती अर्ध्यातच राहिली. पडदा काळा. आतून पीं असा लांब आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

काकांनी लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक कॅबिनेटवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. बेअरिंगचं दुखणं कारखान्यात असंच ऐकतात. "हार्ड डिस्कची चकती फिरते आहे. तुझे बाकीचे आवाज आत सुखरूप आहेत." मला तेवढ्यानेही भरून आलं. "आता अशा वेळी मशीन पीं पीं करतं म्हणतात, ते मला ऐकू येत नाही. माझे कान कारखान्यात जमा आहेत. तुझे वापर. किती वेळा? लांब की आखूड?"

"लांब. थांबतो. परत लांब. आखूड एकही नाही."

"पक्कं?"

"काका, महिनाभर मी दुसरं काय करतेय? पक्कं!"

"मग दोष मेमरीच्या पट्टीत." त्यांनी प्लग काढला, पुढचं बटण दाबून तीसपर्यंत आकडे मोजले, कारण साठलेली वीज उतरवल्याशिवाय जॉबला, म्हणजे समोरच्या कामाला, हात लावायचा नाही. मग अंगातली वीजही उतरावी म्हणून नळाला हात लावून आले आणि झाकण उघडलं. बोटाएवढ्या रुंदीची हिरवी पट्टी बाहेर काढली, तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि खाचेत पुन्हा बसवली. कट्ट! प्रत्येक पायरी दोनदा तपासायच्या काकांच्या शिस्तीत चार वाजून अठरा मिनिटं झाली होती.

एकच आखूड पीं, म्हणजे सगळं ठीक. "आखूड, काका! एकच!" मी नाचायचीच बाकी होते. पडद्यावर अक्षरं उमटली, आणि पाठोपाठ निळा पडदा: मशीन नीट बंद केलं नव्हतं, तपासणी चालू आहे. तीन टक्के. चार टक्के. चार वाजून तेवीस. एक बटण दाबलं की ती तपासणी सोडता येते, हे मला माहीत होतं. पण शेजारी बसला होता तो माणूस, ज्याने पस्तीस वर्षांत एकही चाचणी मधेच सोडली नव्हती. पाच टक्के. मी नुसती त्यांच्याकडे बघत होते.

काकांनी घड्याळ बघितलं, मग माझं तोंड बघितलं. "सोड ती," ते म्हणाले. "उद्या पूर्ण करू. लिहून ठेव मात्र." त्यांना ते केवढं जड गेलं असेल!

चार एकोणतीसला मशीन तयार झालं. मी कॉम्प्युटरपाशी, सुभाष दाराशी, आणि लांब वायरचा माइक उंच धरून अंगणात काका.

भोंगा झाला. काय भोंगा! खोल, लांब, अंगणातून थेट पडद्यावरच्या, आवाजाच्या हिरव्या रेषेत शिरणारा. श्वास रोखून मी मोजत होते. आठ सेकंद, नऊ सेकंद. आणि माइकपाशी, पूर्ण आवाजात:

"चलो भाई, चलो! हो गया!"

"काकाऽ!" मी किंचाळले, पण तोवर भोंगा संपला होता.

काका हसत आत आले. "आला ना नीट?" आपण बोललो हे त्यांना माहीतच नव्हतं. सुट्टीचा भोंगा झाला की पस्तीस वर्षं जे तोंडातून निघायचं ते निघालं होतं. सुभाषने काकांच्या मागून मला हात जोडले. मी गिळलं सगळं आणि म्हटलं, "छान आला, काका."

तो आवाज भोंग्यावर असा बसला होता की वेगळा निघेना. कॅबिनेट मांडीवर घेऊन ऑटोतून हॉलवर जाताना मी खूप रडले. पोहोचल्यावर माझा चेहरा बघून गंधेंनी खिशातली कॅसेट पुढे केली. मी ती घेतली नाही. आगबोटीपेक्षा खानझोडे बरे!

शेवटचा प्रवेश आला. नट उभा राहिला. मी बटण दाबलं. भोंगा हॉलभर पसरला आणि त्याच्या पोटातून आवाज आला: "चलो भाई, चलो! हो गया!"

मग मागच्या रांगांतल्या खुर्च्या सरकल्या. दहाबारा माणसं खरोखरच उठून उभी राहिली होती, स्वतःलाच हसत, डोळे पुसत. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पडदा ओढायचं भान कोणालाच राहिलं नाही. विंगेत माझ्या शेजारी उभे असलेले गंधेही टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या रांगेत बसलेले काका शेजारच्या सुभाषकडे वळले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले,

"हा कोण रे? माणूस आमच्याच खात्यातला वाटतो!"