दोन बोटं जागा

बंदिशीचं शीर्षक लिहिताना आमचे बुवा डाव्या हाताची दोन बोटं कागदावर टेकवत. रागाचं नाव, दोन बोटं जागा, उभी रेघ. तालाचं नाव, दोन बोटं जागा, उभी रेघ. शेवटी बंदीश ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव आणि दोन उभ्या रेघा. ह्यात केसभर फरक चालत नसे. अख्खं महाड त्यांना पाठीमागे ‘दोनबोटे बुवा’ म्हणे. मीही म्हणत असे. खोटं कशाला बोलू?

मी तेव्हा महाडला शाळामास्तर होतो आणि गळा नसताना गाण्याची हौस होती. बुवा पोलादपूरचे. दर शनिवारी सर्व्हिस मोटारीने शिकवण्यांना येत, ते माझ्याकडेच उतरत. माझा पहिला सूर ऐकून म्हणाले, “मास्तर, तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो.” काय ते समजलो, आणि त्यांच्या वह्या उतरवून काढायला बसलो.

शब्द एकमेकांना चिकटले की बुवा चिडत. “पंगतीत माणसं अशी कोंबता का? नावाला टेकायला जागा लागते!” आणि देणाऱ्याचं नाव गाळणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध चोरी. एका भजनी चिजेपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘सव गावच्या कुंडावर भेटलेला आंधळा’. त्या आंधळ्यालाही दोन बोटं जागा होतीच.

पण अकरा बंदिशींपुढे नाव नव्हतं. दोन रेघांच्या अलीकडे नुसता कोरा कागद. विचारलं की बुवा म्हणत, “आहे तिथे कोणीतरी,” आणि पान उलटत. त्या अकरा गाताना मधेच थांबून ते आतल्या दाराकडे कान देत. मी एकटा राहणारा, आत चिटपाखरू नसायचं.

पुढे मुंबईचा एक छापखाना वही छापायला तयार झाला. छापायची प्रत मी केली. कोरी जागा दिसली की शाळामास्तराचा हात शिवशिवतो. मला वाटलं, बुवांना नावं आठवत नसतील. त्या अकरा जागा मिटवून मी रेघा जुळवून टाकल्या. शीर्षकं कशी नीटनेटकी दिसू लागली! बुवांना विचारलंसुद्धा नाही. शहाणा ना मी!

पुस्तक आलं तेव्हा बुवा माझ्या ओटीवर बसले होते. चष्मा लावून त्यांनी एक पान उघडलं, सवयीने दोन बोटं टेकवली. बोटं अक्षरांवरच पडली. दुसरं पान. तिसरं पान. मग हलकेच म्हणाले, “मास्तर, तिला बाहेर काढलंत तुम्ही.”

तेव्हा प्रथमच कळलं. बुवांच्या लहानपणी महाबळेश्वरला निघालेले एक खाँसाहेब तापाने पोलादपुरात अडकले आणि वर्षभर त्यांच्या घरी राहिले. शिकवणी ओटीवर चाले. बुवांची विधवा बहीण आत जात्यापाशी ऐके. खाँसाहेब निघून गेले आणि बुवा निम्म्या बंदिशी विसरले. अकरा तिने आठवून दिल्या, दाराआडून, पुटपुटत. विधवेचं नाव गाण्याच्या वहीत आलं असतं तर भाऊबंदांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तीच म्हणाली होती, “आत्ता नको लिहूस रे. जागा ठेव.” पुढे ती तापाच्या साथीत गेली.

“मी पुस्तकं परत मागवतो,” मी म्हणालो. “राहू द्या,” बुवा म्हणाले. “तिने जागा तेवढी मागितली होती. तीही आपल्याच्याने राखवली नाही.” त्यांनी ‘आपल्या’ म्हटलं, हे मला आजही सोसत नाही. त्या अकरा बंदिशी बुवांनी पुन्हा म्हटल्या नाहीत. लाजेने मीही तो विषय काढला नाही, आणि एक गोष्ट विचारायची राहून गेली.

बुवा गेल्यावर त्यांची मूळ वही माझ्याकडे आली. मी तडक पोलादपूर गाठलं. घराला कुलूप होतं. शेजारची म्हातारी भाताला ऊन देत बसली होती. मी महाडचा मास्तर असं सांगून तिला विचारलं, बुवांच्या बहिणीचं नाव काय?

“समदी ताईच म्हनायची. नाव कोनाला ठावं नाय. बोडकीचं नाव कोन घेतंय, मास्तर?”

वही माझ्यापाशी आहे. अकराही जागा शाबूत आहेत. दौत भरलेली आहे, आणि आता लिहायला कोणाची आडकाठीही उरलेली नाही. दर शनिवारी मी त्यातलं एक पान उघडतो, दोन बोटं टेकवतो आणि बुवांसारखाच आतल्या दाराकडे कान लावून बसतो. बाई, एकदा नाव सांगा.